काठी वाकडी नव्हती

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



रोजच्या जगण्यातले विज्ञानाचे प्रश्न तुम्ही विचारायचे आणि मी त्यांची उत्तरं शोधून सांगायची, असा आपला शिरस्ता आहे. दूध उतू जातं, मग नुसतं पाणी का जात नाही? पाल छतावरून पडत कशी नाही? पावसाळ्यात मीठ का पाझरतं? प्रश्न साधे दिसतात, पण उत्तर देताना घाम फुटतो. कारण माझं उत्तर घराघरांत जातं आणि तिथं कुणीतरी ते करून बघतं.

एका बाईंनी एकदा विचारलं होतं, की बाजारातून हौसेनं रंगीत माठ आणला, दिसायला सुरेख आहे, पण पाणी काही गार होत नाही. मी त्यांना सांगितलं, की माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे दहा लिटरच्या माठातून शंभर ग्रॅम पाणी जरी वाळलं, तरी उरलेलं पाणी पाच-सहा अंशांनी गार व्हावं, एवढी उष्णता जाते. प्रत्यक्षात बाहेरची थोडी उष्णता आत येतच राहते, ते सोडून द्या. ऑइलपेंटनं माठाची छिद्रं बुजली, की झिरपणं थांबलं आणि गारवाही थांबला. साधा माठ शेजारी ठेवून बघा, असं मी सुचवलं. त्यांनी ठेवला आणि पंधरा दिवसांनी कळवलं, 'साध्या माठातलं पाणी गार झालं. रंगीत माठात आता गहू ठेवले आहेत.'

असं पत्र आलं, की बरं वाटतं. पण आज मला दुसऱ्या एका पत्राबद्दल बोलायचं आहे. ते वाचून मला बरं वाटलं नव्हतं.

गोष्ट २०१८ सालच्या मे महिन्यातली. महिन्याच्या सुरुवातीला मी शून्य सावलीच्या दिवसाबद्दल बोललो होतो. वर्षातून दोनच दिवस असे येतात, की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. पडते, पण काठीच्या बुडातच, म्हणून दिसत नाही. सातारा, वाई भागात हा दिवस ११ मेच्या आसपास येतो, असं मी सांगितलं आणि पुढं म्हणालो, "मुलांनो, अंगणात एक काठी उभी करा, आणि दुपारी बारा वाजता बघा. सावली नाहीशी झालेली असेल."

आठवड्याभरात वाई तालुक्यातल्या एका गावातून पोस्टकार्ड आलं. सातवीतली मुलगी. अक्षर टपोरं, पण कार्डावर जागा पुरली नाही म्हणून शेवटच्या ओळी कडेकडेनं उभ्या लिहिलेल्या. मजकूर साधारण असा होता :

'काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी तीन फुटांची काठी अंगणात रोवली. बारा वाजता सावली होती. साडेचार इंच. आजोबा म्हणाले, रेडिओवाले बारा म्हणतायत ना, मग तुझीच काठी वाकडी असणार. शेजारची मुलं हसली आणि घरी गेली. माझे बाबा गवंडी आहेत. त्यांचा ओळंबा घेऊन मी काठी तपासली. काठी सरळ होती. मग मी तिथंच बसून राहिले. बारा वाजून दहा मिनिटांनी सावली तीन इंच होती. बारा वीसला दीड इंच. साडेबाराला सावली दिसेना. बारा चाळीसला दुसऱ्या बाजूला दीड इंच आली. तर चूक माझी का तुमची, ते कळवावे.'

खरं सांगतो, पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मनात आली ती सबब. मला म्हणायचं होतं 'मध्यान्ही', बोलण्याच्या ओघात 'बारा वाजता' निघून गेलं. त्यात काय एवढं? एक पत्र लिहून कळवून टाकू.

पण पुन्हा वाचल्यावर 'शेजारची मुलं हसली आणि घरी गेली' या ओळीशी मी अडखळलो. त्या मुलांनी अंगणात स्वतःच्या डोळ्यांनी सावली पाहिली होती. तरीही त्यांनी विश्वास ठेवला तो रेडिओवरच्या आवाजावर. त्या आजोबांचाही दोष नव्हता. रेडिओवरचा माणूस शिकलेला, तो बारा म्हणतो म्हणजे बाराच, असं त्यांना वाटलं. आपल्या नातीची काठी वाकडी असेल, हे त्यांना पटकन पटलं. मी वाकडं बोललो असेन, हे त्यांच्या मनातही आलं नाही. विज्ञान सांगायला बसलेल्या माणसाच्या बोलण्यानं एखाद्या पोरीनं मोजलेलं खोटं ठरावं, यापरतं वाईट काय?

ती पोर तिथंच बसून राहिली, म्हणून निभावलं.

पुढच्या कार्यक्रमात मी ते पोस्टकार्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं आणि म्हणालो, "चूक माझी. काठी सरळ होती." त्यानंतर सांगितलं ते आज पुन्हा सांगतो, कारण बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो असं समजणारे आपल्यात अजून पुष्कळ आहेत.

पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते. ३६० अंशांना चोवीस तास, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. त्यामुळे पूर्वेकडच्या गावात मध्यान्ह आधी होते, पश्चिमेकडच्या गावात नंतर. प्रत्येक गावानं आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावायचं ठरवलं, तर वाईचं घड्याळ वेगळं, सोलापूरचं वेगळं, नागपूरचं त्याहून वेगळं. बैलगाडीच्या काळात ते चालून गेलं. रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर चालेना. म्हणून १९०६ सालापासून देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. ती उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची वेळ. तुमच्या-माझ्या मनगटावरचं घड्याळ खरं तर तिथला सूर्य दाखवतं.

मुंबईनं मात्र ही वेळ सहजासहजी स्वीकारली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तिथं 'मुंबई टाइम' आणि 'स्टँडर्ड टाइम' अशा दोन वेळा नांदत होत्या. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. म्हणजे भेट ठरवताना कुठल्या घड्याळाचे पाच, हेही विचारून घ्यायला हवं. आसामातल्या चहाच्या मळ्यांत तर सूर्य लवकर उगवतो म्हणून प्रमाणवेळेच्या तासभर पुढं असलेला 'बागान टाइम' चालत आला आहे.

आता वाईचा हिशेब करू. वाई आहे ७३.९ अंश रेखांशावर. साडेब्याऐंशीतून वजा केले, तर फरक आला ८.६ अंश. गुणिले चार मिनिटं, म्हणजे सुमारे ३४ मिनिटं. सूर्य वाईच्या डोक्यावर यायला घड्याळाच्या बारानंतर आणखी ३४ मिनिटं लागणार. यात एक बारीकशी दुरुस्ती करावी लागते. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट थोडी लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या काट्यासारखा रोज नेमक्या वेळी येत नाही. मे महिन्याच्या मध्याला तो तीन-चार मिनिटं आधी येतो. ३४ मधून तीन-चार गेले, उरली तीस-एकतीस. मुलीच्या कार्डावर काय होतं? 'साडेबाराला सावली दिसेना.' कागद-पेन्सिल घेऊन मी जे काढलं, ते तिनं एका काठीनं आणि बापाच्या ओळंब्यानं आधीच काढलं होतं.

हा हिशेब कुणाला जड वाटला, तर सोपी युक्ती आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. त्या दोन्हींच्या मधली वेळ काढा. ती त्या गावाची मध्यान्ह. मुंबईत १५ मेच्या सुमारास सूर्य सहा वाजून चार मिनिटांच्या आसपास उगवतो आणि सात वाजून पाचच्या सुमारास मावळतो. मध्य काढा, बारा पस्तीस येतात. हीच मध्यान्ह पुण्यात फेब्रुवारीच्या मध्याला बारा एकोणपन्नासपर्यंत लांबते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अठराला उरकते. दिनदर्शिका वर्षभर आपल्या डोळ्यांसमोर टांगलेली असते. मी तरी ती दुधाचा हिशेब लिहायलाच वापरत होतो.

शून्य सावलीचा दिवसही गावागणिक वेगळा असतो. मेच्या सुरुवातीला, दोन-तीन तारखेला, सूर्य गोव्याच्या डोक्यावर असतो. तिथून तो रोज साधारण पंचवीस-तीस किलोमीटर उत्तरेकडे सरकतो. कोल्हापुरात सहा-सात मे, पुण्यात तेरा-चौदा, मुंबईत पंधरा-सोळा, नागपुरात सव्वीसच्या आसपास. महिनाअखेरीस तो सातपुड्याजवळ पोचतो. कर्कवृत्तापर्यंत जाऊन परत फिरतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा आपल्या डोक्यावरून जातो. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे, म्हणून तिथं उभ्या काठीची सावली कधीच नाहीशी होत नाही. हे भाग्य आपल्याकडचं. काठी बघा, सावली बघा. सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी मुळीच बघू नका.

याच काठीच्या मदतीनं आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं. उन्हाळा आला, की हा प्रश्न हमखास येतो : उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते का?

उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण शेकोटी पेटवून बसतो तेव्हा. तेव्हाचं अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर. म्हणजे सूर्याकडून पृथ्वीवर येणारी उष्णता जुलैपेक्षा जानेवारीत सहा-सात टक्के जास्तच असते. तरी थंडी का?

२२ डिसेंबरला मध्यान्ही तीच तीन फुटांची काठी उभी करून बघा. सावली अडीच फुटांहून लांब पडेल. म्हणजे सूर्य डोक्यावर नाही, दक्षिणेकडे चांगलाच कललेला आहे. टॉर्चचा झोत भिंतीवर सरळ टाकला, तर लहानसं प्रखर वर्तुळ पडतं. तिरपा टाकला, तर तोच उजेड लांबट डागात पसरतो आणि फिका होतो. उन्हाचं तसंच आहे. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा तेवढंच ऊन एक-तृतीयांश जास्त जमिनीवर पसरतं. शिवाय दिवस जूनपेक्षा दोन तासांहून अधिक लहान. उन्हाच्या या कलण्यापुढं ते पन्नास लाख किलोमीटर किरकोळ ठरतात. आता जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा, मग मे जास्त का तापतो? जूनमध्ये आपल्या डोक्यावर ढगांची छत्री येते म्हणून.

मांजरांना हे आपल्याआधी कळलेलं असतं. हिवाळ्यात उतरत्या छपरावर मांजर कुठं झोपतं ते पाहा. दक्षिणेकडच्या उतारावर. तो उतार सूर्याकडे तोंड करून असतो, म्हणून तिथं ऊन सरळ पडतं.

हे मांजर लक्षात ठेवा, कारण आता आपल्याला थेट चंद्रावर जायचं आहे.

आपलं चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून १४ जुलै २०२३ रोजी निघालं आणि त्याचं विक्रम लँडर २३ ऑगस्टला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरलं. चाळीस दिवस लागले. १९६९ साली अपोलो-११ चार दिवसांत पोचलं होतं, मग आपल्याला एवढे दिवस का, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. अपोलोला घेऊन जाणारं सॅटर्न-५ रॉकेट ११० मीटर उंच होतं. आपलं साडेत्रेचाळीस मीटर. एका दमात चंद्राकडे फेकण्याएवढी ताकद नसेल, तर पृथ्वीभोवती घिरट्या घालत, दर खेपेला कक्षा थोडी थोडी वाढवत जायचं. घाटात बैलगाडी नागमोडी वाटेनं चढते तसं. वेळ लागतो, पण इंधन आणि खर्च वाचतो.

विक्रमबरोबर जमिनीत खुपसायचा एक तापमापक होता. 'चेस्ट' हे त्याचं नाव. त्याच्या दांड्यावर वेगवेगळ्या खोलीचं तापमान मोजणारे दहा संवेदक होते. त्यानं दाखवलं, की चंद्राच्या पृष्ठभागावर अंगाची लाही होईल असं तापमान, आणि वीतभरही खोल न जाता, अवघ्या आठ सेंटिमीटरवर शून्याखाली दहा अंश. चंद्राची माती उष्णता आत जाऊच देत नाही, इतकी ती चांगली गोधडी आहे.

पण बारकाईनं पाहिल्यावर शास्त्रज्ञांना एक गोष्ट खटकली. पृष्ठभागाचं तापमान ८२ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं होतं. चंद्रावर त्या अक्षांशाला सूर्य क्षितिजापासून फारसा वर येतच नाही. एवढं तापायला नको होतं. आता काय करायचं? काठी वाकडी आहे, यंत्र बिघडलं आहे, असं म्हणून आकडा बाजूला ठेवायचा? त्यांनी तसं केलं नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आकडा खरा मानून त्याचं कारण शोधलं, आणि २०२५ साली ते प्रसिद्ध केलं. तापमापक जिथं रुतला होता, ती जमीन सूर्याच्या बाजूला जेमतेम सहा अंश उतरती होती. तिथून मीटरभर अंतरावरच्या सपाट जमिनीचं तापमान होतं ५९ अंश. सहा अंशांच्या उतारानं तेवीस अंशांचा फरक केला!

आपल्या छपरावरचं मांजर चंद्रावर गेलं असतं, तर नेमकं तिथंच झोपलं असतं.

याचा उपयोग काय? जो उतार सूर्याकडे तोंड करतो तो तापतो, तसा जो पाठ करतो तो थंड राहतो. ध्रुवाकडे तोंड करून चौदा अंशांहून जास्त उतरत्या असलेल्या जागी पृष्ठभागाच्या थोडं खाली बर्फ टिकून असू शकेल, असा या अभ्यासकांचा अंदाज आहे. तसं असेल, तर पाणी शोधायला अगदी ध्रुवापर्यंत, त्या कायमच्या काळोखातल्या विवरांत जायची गरज पडणार नाही. अर्थात हा अंदाज आहे. तिथं जाऊन, खणून, बघावं लागेल.

विज्ञानाच्या बातम्या ऐकताना मी आता एवढंच विचारतो : हे त्यांना कसं कळलं? कशानं मोजलं? आणि मोजलेलं अपेक्षेप्रमाणे आलं नाही, तेव्हा त्यांनी काय केलं? या प्रश्नांची उत्तरं बातमीत असतील, तर ती मी तुम्हाला सांगतो. नसतील, तर थांबतो. अंगणातल्या साडेचार इंच सावलीनं मला एवढं शिकवलं.

जाता जाता त्या मुलीचं दुसरं पत्र. ते पुढच्या वर्षी, २०१९ च्या जून महिन्यात आलं. तिनं १०, ११ आणि १२ मे, तिन्ही दिवस सावली मोजली होती. तिन्ही दिवशी साडेबाराच्या सुमारास सावली जवळजवळ नव्हतीच. सूर्य म्हणजे काही ठिपका नाही, त्याची तबकडी आकाशात अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक काठीवर ओळखू येत नाही. या वेळी आजोबाही शेजारी खुर्ची टाकून बसले होते, असं तिनं लिहिलं होतं. आणि खाली नवा प्रश्न : 'काका, तुम्ही म्हणता दुसरा दिवस ऑगस्टमध्ये येतो. पण तेव्हा आमच्याकडे सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. मग तो दिवस आला, हे तुम्हाला कसं कळलं?'

बघा, मी नुकतं म्हणालो तोच प्रश्न तिनं मला विचारला.

मी तिला लिहिलं, की सूर्य २१ जूनला सर्वांत उत्तरेला असतो. त्याआधी ४१ दिवस, ११ मेला, तो तुझ्या अंगणावर होता. जाताना जेवढे दिवस, साधारण तेवढेच दिवस येताना. २१ जूननंतर ४१ दिवस मोज. १ ऑगस्ट येतो. पण हा झाला माझा हिशेब. जुलैअखेरीपासून काठी रोवलेलीच ठेव. कधी पाच मिनिटं ऊन पडलं, मध्यान्हीची वेळ साधली, तर सावली मोज. ती काठीच्या दक्षिणेला पडली, तर सूर्य अजून तुझ्या उत्तरेला आहे. उत्तरेला पडली, तर तो येऊन गेला. मधला दिवस तूच सांगू शकशील.

श्रोतेहो, तुमच्या अंगणात, गच्चीवर, शाळेच्या मैदानात काठी रोवायला काहीच पैसे पडत नाहीत. ओळंबा नसेल, तर दोऱ्याला दगड बांधा. मध्यान्हीची वेळ दिनदर्शिकेवरून काढा, आणि मी सांगितलेल्या वेळेत, तारखेत, आकड्यात कुठं फरक आढळला, तर तारीख, वेळ आणि सावलीची लांबी लिहून जरूर कळवा. पोस्टकार्ड चालेल. मी वाचून दाखवीन.